वादळात किनारा बुडतो कसा?

८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हैयान’ हे महाचक्रीवादळ फिलिपाइन्सवर आदळले आणि सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लेते बेटावरील टॅक्लोबान शहरात पाच ते सहा मीटर पाणी चढले. शेजारच्या सामार बेटावर, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेले हेर्नानी हे गाव त्सुनामीसारख्या लोंढ्याने उद्ध्वस्त झाले. वादळ एकच, पण दोन्ही ठिकाणी पाणी चढण्याची कारणे निराळी होती. किनाऱ्यावरील पुराचा अंदाज बांधताना लाटांचा हिशेब का ठेवावा लागतो, ते यावरून कळते.

पाण्याचा फुगवटा

वादळामुळे समुद्राची पातळी वाढते, त्या फुगवट्याला ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. हैयानच्या केंद्रातील दाब ८९५ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. म्हणजे केवळ दाबामुळे होणारी वाढ मीटरभराची. उरलेले काम वाऱ्याचे. समुद्र जितका उथळ, तितके वाऱ्याने लोटलेले पाणी अधिक चढते. टॅक्लोबान उथळ आणि निमुळत्या होत जाणाऱ्या उपसागराच्या टोकाशी असल्याने तेथे पाणी कोंडले गेले.

लाटांची भर

या फुगवट्यात लाटा आपली भर घालतात. किनाऱ्याजवळ फुटताना लाट आपला रेटा पाण्याला देते आणि पाणी काठाशी तुंबून राहते. मायकेल लाँगे-हिगिन्स व रॉबर्ट स्ट्यूअर्ट या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात या रेट्याचे गणित मांडले. ढोबळमानाने लाटांच्या उंचीच्या दहा ते वीस टक्के इतकी ही वाढ असते. पाच मीटरच्या लाटा असतील, तर अर्धा ते एक मीटर. त्याशिवाय प्रत्येक लाट उतारावरून आणखी वर धावते, ते वेगळेच.

उलट बाजूने फुगवटाही लाटांना बळ देतो. एरवी दूरवर फुटणाऱ्या लाटा, पाणी खोल झाल्यामुळे थेट घरांपर्यंत आणि बंधाऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे दोहोंचा विचार वेगवेगळा करून चालत नाही.

हेर्नानीचा धडा

हेर्नानीसमोरचा समुद्र खोल असल्याने तेथे वाऱ्याचा फुगवटा मोठा नव्हता. शिवाय किनाऱ्यालगत प्रवाळांचा कठडा होता आणि तो लाटा अडवतो, असा सर्वसाधारण समज. मात्र लहान-मोठ्या लाटा गटागटाने येतात, तेव्हा अर्धे मिनिट ते काही मिनिटे आवर्तन असलेल्या दीर्घ लाटा निर्माण होतात. प्रवाळांवर नेहमीच्या लाटा फुटल्या, पण या दीर्घ लाटा टिकल्या आणि उथळ पाण्यात बळावून भिंतीसारख्या गावात घुसल्या. फोल्कर रोबर व जेरेमी ब्रिकर यांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिले. केवळ फुगवटा मोजणाऱ्या अंदाजात असा लोंढा दिसत नाही.

मुंबईपुढील प्रश्न

मुंबईत दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते. हे आकडे सूर्य-चंद्राच्या आकर्षणावरून काढलेले असतात. त्यात वादळी फुगवटा नसतो आणि लाटाही नसतात. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईवर न धडकता समुद्रातून गुजरातकडे सरकले. तरीही कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचे वारे नोंदले गेले आणि गेटवे ऑफ इंडियाजवळ लाटा भिंत ओलांडून रस्त्यावर आल्या. मरीन ड्राइव्हवरील टेट्रापॉड लाटांचा जोर मोडतात. वाढलेली पाणीपातळी मात्र ते रोखू शकत नाहीत.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देते. भरतीच्या आकड्याशेजारी हा इशाराही वाचला, तरच पाणी कोठवर येईल याची खरी कल्पना येते. टॅक्लोबानमध्ये ‘स्टॉर्म सर्ज’चा इशारा दिला गेला होता; अनेकांना त्या शब्दांचा अर्थच उमगला नव्हता.