पहारेकरी : तारेचा कीं बिनतारी?

घराच्या दाराशीं कॅमेरा बसवावयाचें ठरलें, कीं गृहस्थापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : कॅमेरा तारेनें जोडलेला घ्यावा कीं बिनतारी? भिंती फोडाव्या लागत नाहींत, हा बिनतारीचा उघड फायदा. परंतु तार आणि बिनतार यांचा वाद कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो पाहिल्यावांचून या प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येत नाहीं.

१८५३ सालीं अमेरिकेंतील ऑगस्टस पोप यानें चोराची वर्दी देणाऱ्या विजेच्या घंटेचें पेटंट घेतलें. दार किंवा खिडकी उघडली कीं विजेचें मंडल पूर्ण होई व घंटा वाजूं लागे. एडविन होम्स यानें ते हक्क विकत घेऊन न्यूयॉर्कमध्यें या घंटांचा व्यापार वाढविला. मात्र अशा रचनेंत तार आधींच तोडली, तर घंटा मुकी होते. यावर उपाय निघाला तो उलट रचनेचा : तारेंतून प्रवाह सदैव वाहता ठेवावयाचा, आणि तो खंडित झाला कीं घंटा वाजावयाची. आतां तार तोडणें हीच चोराची चुगली ठरली.

पुढें मार्कोनीची बिनतारी विद्या आली. आपले संदेश ठराविक तरंगावर जुळविलेले असल्यामुळें इतरांस ते ऐकूं जाणार नाहींत, असा त्याचा दावा होता. नेव्हिल मॅस्केलिन या जादुगारास तो मान्य नव्हता. १९०२ सालीं त्यानें कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो येथें उंच खांब उभारून ते संदेश ऐकले. याच पोर्थकर्नोहून १८७० सालीं मुंबईकडे जाणाऱ्या समुद्री तारांची साखळी सुरू झाली होती. आणि मॅस्केलिनच्या पाठीशीं होती ती तारांचाच धंदा करणारी ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी! जून १९०३ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रा. फ्लेमिंग प्रात्यक्षिक दाखवीत असतां, मार्कोनीचा संदेश येण्यापूर्वींच यंत्र टकटक करूं लागलें. 'उंदीर' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यावर पुनःपुन्हा उमटला. मॅस्केलिननें जवळूनच आपले तरंग सोडले होते. तार तोडावयाची तर तारेपर्यंत यावें लागतें. तरंग बुडविण्यास रस्त्यावर उभें राहिलें तरी पुरतें.

घरगुती कॅमेऱ्याची कथा याहून अलीकडची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनें पतीसह १९६६ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. तें १९६९ सालीं मिळालें. दोघांच्या कामाच्या वेळा अनियमित, आणि हांक दिली तरी पोलीस यावयास विलंब लागे. म्हणून दाराला चार छिद्रें, त्यांमागें वरखालीं सरकणारा कॅमेरा, आणि चित्र दिसावयाचें तें आंतल्या खोलींत. एकट्या बाईला दार न उघडतां पाहतां यावें, बोलतां यावें, हा हेतु. ऐन वेळीं चित्र आलें नाहीं, तर ही सारी योजना व्यर्थ.

तेव्हां आज काय निवडावें? पुष्कळ बिनतारी कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात. शेजाऱ्यांचीं यंत्रें आणि मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच पट्ट्यांत गोंगाट करितात. सांकेतिक लिपीमुळें चित्र चोरून पाहणें कठीण झालें आहे. पण कोणी तरंगच बुडविले तर ती लिपी काय करणार? शिवाय बॅटरी नसेल, तर विजेची तार बिनतारी कॅमेऱ्यासहि लागतेच. उलट तारेच्या जोडणींत २००३ च्या मानकानुसार एकाच तारेंतून चित्र व वीज १०० मीटरपर्यंत नेतां येतात. तथापि २०१६ सालीं 'मिराई' या उपद्रवी प्रणालीनें मूळचा परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे बळकावले. तेथें तार कांहीं कामाची ठरली नाहीं.

श्रोतेहो, घर स्वतःचें असेल तर मुख्य दाराशीं तारच ओढावी. भाड्याच्या घरांत बिनतारी चालेल, मात्र चित्र कॅमेऱ्यांतहि साठविलें जावें. आणि त्या जुन्या घंटेचा धडा विसरूं नये. बिनतारी कॅमेरा क्षुल्लक कारणांनींहि मुका होतो, म्हणून आपण त्याच्या मुकेपणाकडे दुर्लक्ष करूं लागतों. चोरास नेमकें तेंच हवें असतें. पहारेकरी गप्प झाला, कीं तीच वर्दी समजून उठावें.