उणे ३० अंश थंडीत ऑटोमॅटिक गाडीचा ऑईल कूलर : काय काळजी घ्यावी?

गाडी तापली तर काय करायचं, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत असतं. पण लडाखमधील द्रास किंवा कॅनडातील विनिपेगसारख्या ठिकाणी हिवाळ्यात उलटीच अडचण येते. ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑईल लवकर गरमच होत नाही. अशा भागात नोकरीला किंवा फिरायला जाणाऱ्यांनी ही माहिती लक्षात ठेवावी.

कूलर कशासाठी असतो?
टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडं जाते. त्यात तेल तापतं. हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला चांगलं काम करतं. बऱ्याच गाड्यांत तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. ट्रेलर ओढणारे लोक रेडिएटरच्या पुढं, वाऱ्यावर आणखी एक कूलर बसवतात.

थंडीत काय होतं?
वाऱ्यावरच्या कूलरच्या बारीक नळ्यांत तेल घट्ट होतं आणि पुढं सरकत नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परत येणारं तेलच आतल्या गिअरला वंगण म्हणून मिळतं. ते अडलं तर भर थंडीत गिअर कोरडे फिरतात आणि गिअरबॉक्स जळतो. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. तेल वाहतं राहिलं पण गार राहिलं, तरी गिअर उशिरा पडतात, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं.

उपाय काय?
१) जादा कूलर असेल तर थर्मोस्टॅट असलेला बायपास व्हॉल्व्ह बसवावा. तेल गार असताना तो कूलर टाळून तेल परत पाठवतो, तापल्यावर कूलरकडं वळवतो.
२) रेडिएटरमधला कूलर काढून टाकू नये. इंजिनचं गरम पाणी तिथं तेलालाही गरम करतं. कडक थंडीच्या भागात तेल आधी जादा कूलरमधून आणि शेवटी रेडिएटरमधून फिरवलं, तर ते कोमट होऊन गिअरबॉक्सला जातं.
३) नवीन कूलर घेताना साध्या नळीच्या कूलरऐवजी प्लेटवाला घ्यावा. त्यातून घट्ट तेल सहज जातं.
४) कंपनीच्या पुस्तकात दिलेलंच तेल वापरावं.
५) गाडी चालू केल्यावर लगेच रेस करू नये. पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावं. इंजिन गरम झालं म्हणजे गिअरबॉक्सही झाला, असं नसतं.

हे सगळ्या गाड्यांना लागू नाही
आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या एएमटी प्रकारच्या असतात. त्यांत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, टॉर्क कन्व्हर्टर नसतो. त्यामुळं आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे आधी पाहावं, मगच खर्च करावा. महाराष्ट्रातल्या थंडीत यातलं काहीच करायची गरज नाही.