ई-जे-के-बी-एच म्हणजे मराठी

नातेवाईकांनी माझ्यावर 'कंप्युटरवाला' असा एकदा शिक्का मारला तो मारलाच. लग्न असो, बारसं असो, कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, "काय रे, क्रोम चांगलं की फायरफॉक्स?" माझं उत्तर पूर्ण ऐकायला आजवर कुणी थांबलेलं नाही, कारण ते १९८८ पासून सुरू होतं. तर मंडळी, तेच उत्तर आज सविस्तर. इथे मधेच जेवायला उठता येणार नाही :)

न्याहाळक (म्हणजे ब्राउझर हो) किती वेगात उघडतो, किती मेमरी खातो, यावर लोक तासन् तास भांडू शकतात. मीही भांडलोय. पण माझी खरी कसोटी वेगळी आहे. तो मराठी नीट दाखवतो का? आणि दाखवत नसेल तर ते दुरुस्त करायचा अधिकार कुणाकडे आहे? ही कसोटी का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीचं मोठं 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६ वगैरे अमेरिकेत १९६० च्या दशकातच ठरून गेलं. आपल्या 'क'चा आकडा कोणता, हे ठरायला पुढे बराच वेळ गेला. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं 'इस्की' नावाचं मानक जाहीर केलं. त्यामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या, पण वर्णमालेचा सांगाडा एकच. मग देवनागरी 'क', बंगाली 'क' आणि कन्नड 'क' यांचा क्रमांकही एकच ठेवा. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची एक चाळ मिळाली, आणि त्या चाळीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावरून घेतलेली होती. म्हणजे कागदोपत्री मराठीचा प्रश्न १९९१ सालीच सुटला!

आणि आमच्या नंदनवनात काय चाललं होतं? जगनाडे चौकाच्या आसपासच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जा, लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत सगळं कृतिदेवमध्ये. पुण्याकडे श्री-लिपी, शिवाजी, किरण असली नावं ऐकू यायची. नागपुरात हिंदी टायपिंग शिकलेले हात जास्त, त्यामुळे रेमिंग्टनच्या वळणाचा कृतिदेव हातात बसलेला. आता कृतिदेव म्हणजे काय, तर मुखवटा. फॉन्ट बनवणाऱ्यानं इंग्रजी 'ई'च्या जागी 'म'चं चित्र काढून ठेवलं, 'जे'च्या जागी 'र'चं, 'के'च्या जागी कान्याचं. तुम्ही 'मराठी' असं टंकलंत, पडद्यावर 'मराठी' दिसलंही, पण संगणकाच्या लेखी तिथे फक्त ई-जे-के-बी-एच ही पाच इंग्रजी अक्षरं आहेत. 'नागपूर' म्हणजे यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे. छापायचं असेल तोवर काहीच बिघडत नाही, कागद कशाला आत डोकावून बघतो? बिघडतं ते फाइल दुसऱ्याच्या घरी गेली की. त्याच्याकडे तोच मुखवटा नसेल, तर उघडा चेहरा दिसतो.

आणि महाजाल म्हणजे तर सगळा दुसऱ्यांच्या घरी जाण्याचाच कारभार. मायबोली १९९६ साली गणेश चतुर्थीला सुरू झाली. पुढे वर्तमानपत्रंही आली, पण जवळजवळ प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. मुखपृष्ठावर पहिली ओळ बातमीची नसायची, 'आधी हा फॉन्ट उतरवून घ्या' ही असायची. १९९७ मध्ये नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४ यांची जुंपलेली असताना दोघांनीही एक चांगली सोय आणली: फॉन्ट पानासोबत आपोआप येईल, उतरवून घ्यायला नको. पण दोघांच्या पद्धती वेगळ्या, एकाचा फॉन्ट दुसऱ्यात चालायचा नाही. २००० साली नेटस्केप ६ आला आणि त्यात ही सोय सरळ काढून टाकलेली होती. उरला एक्स्प्लोरर. २००३ च्या सुमारास जगातले ९० टक्क्यांहून जास्त लोक तोच वापरत होते, त्यामुळे मराठी संकेतस्थळवाल्यांनाही वाटलं, झालं की काम! लिनक्सवाल्यांचं मात्र ई-जे-के-बी-एचच चालू. त्यांनी वाचूच नये असं कुणी ठरवलं नव्हतं. ते कुणाच्या हिशोबातच नव्हते.

आता घरचंच उदाहरण देतो. काका-आत्यांना माहीत आहेच. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला, १९९९ मध्ये, त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढलं होतं. प्रती मोजून पन्नास. त्यांच्या नोकरीची काही वर्षं चिखलदऱ्याला गेली, त्यामुळे निम्मं पुस्तक मेळघाटातल्या पावसाचं आणि अस्वलांचं. पुढे आजोबा गेले, प्रती वाळवीनं आणि 'वाचून देतो' म्हणणाऱ्यांनी संपवल्या, आणि पुण्याच्या भावंडांनी विचारलं की फाइल आहे का? फाइल होती. पेजमेकरची, कृतिदेवमधली, सीडीवर. उघडली तर आजोबांचं अख्खं आयुष्य यू-के-एक्स-आय.

कृतिदेवचं युनिकोड करणारे छोटे प्रोग्रॅम तोवर फुकट मिळायला लागले होते. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक जोडसाधन होतं, मुळात तेलुगूसाठी बनवलेलं, पण जुन्या फॉन्टमधली इतर भारतीय भाषांची पानंही बघता बघता युनिकोड करून दाखवायचं. आजोबांचं पुस्तक असंच सोडवलं. बहुतेक सगळं परत आलं. पण त्या वेळच्या टायपिस्टनं 'ऱ्य'साठी सरळ साधा रफार दिलेला, त्यामुळे आजोबा 'चिखलदर्याला' पोचले, म्हणजे चिखलाच्या समुद्राला. आत्याच्या लग्नात 'आचाऱ्यांना' पैसे कमी पडले होते, ते 'आचार्यांना' कमी पडले. छापील प्रतीतही हे तसंच होतं म्हणा, पण तेव्हा आजोबा स्वतः पेन घेऊन पन्नासही प्रती दुरुस्त करत बसले होते. त्या दुरुस्त्या फाइलमध्ये कुठून असणार?

असो. तर युनिकोड.

विंडोज २००० ही देवनागरी खऱ्या अर्थानं समजणारी पहिली विंडोज. तिच्यासोबत आलेला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. आयआयटी मुंबईत शिकवणारा, सुलेखनात हयात घालवलेला माणूस, २००८ साली गेले. आपण रोज ज्यांचं अक्षर वाचत होतो त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मग आली एक्सपी, आणि तिच्यात एक विचित्र अट. कंट्रोल पॅनलमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात टिचकी मारायची, मग ती विंडोजची मूळ सीडी मागायची. आता सायबर कॅफेत सीडी कोण देणार? 'सेटिंगला हात लावू नये' ही पाटीच भिंतीवर. मग 'हिंदी'तली वेलांटी 'ह'च्या पुढे जाऊन बसलेली, जोडाक्षरं सुटी झालेली, असंच वाचायचं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्या काळात ज्यांनी तिथे लेख लिहिले त्यांना मी मनापासून मानतो, कारण निम्म्या वाचकांना आपला लेख चौकटी-चौकटी दिसणार हे ठाऊक असून त्यांनी लिहिलं. व्हिस्टा २००७ मध्ये आली तेव्हा कुठे ती सीडीची भानगड गेली.

लिनक्सकडे मी वळलो तो फुकट मिळतं म्हणून. उबुंटूवाले मागाल त्याला घरपोच सीडी पाठवायचे (२०११ मध्ये ते बंद झालं), नंदनवनच्या पोस्टमनलाही तो पाकीट ओळखीचा झाला होता. पण तिथे टिकलो ते वेगळ्या कारणानं. २००४ मध्ये रेड हॅटनं 'लोहित' फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं, त्याच श्री-लिपीवाल्यांनी. लोहित म्हणजे लाल, लाल टोपीवाल्यांचा लाल फॉन्ट! आता अक्षर आवडलं नाही तर ते उघडून बदलता येत होतं. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळे, हे फॉन्टलाच शिकवून ठेवता येत होतं.

फायरफॉक्सही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. फायरफॉक्स २ मध्ये मजकूर दोन्ही समासांना जुळवून मांडला की मराठीचे तुकडे पडायचे, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. तेच पान एक्स्प्लोररमध्ये व्यवस्थित. तेव्हा मित्रांनी मला मनसोक्त चिडवून घेतलं. फरक एवढाच की फायरफॉक्समधली तक्रार सगळ्यांसमोर नोंदवलेली असायची, तिच्यावर कोण काय म्हणतंय ते कुणालाही वाचता यायचं, आणि १७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आला तेव्हा ती गेलेली होती. त्या एका दिवसात तो ८० लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला, गिनीज बुकात नोंद आहे. त्यातला एक मी, डुगडुगत्या जोडणीवर, रात्री.

फायरफॉक्स ३ नं माझं आणखी एक दुखणं बरं केलं. रँडल मन्रोची एक्सकेसीडी ही जालावरची चित्रमालिका २००५ पासून चालू आहे. काड्यांची माणसं, आणि खरा विनोद लपलेला असतो चित्रावर उंदीर नेला की उमटणाऱ्या ओळीत. फायरफॉक्स २ मध्ये ती लांब ओळ मधेच तुटायची, नेमका विनोदच कापलेला!

चित्रमालिकेवरून आठवलं. क्रोमची ओळख जगाला झाली तीसुद्धा एका चित्रकथेतून. स्कॉट मॅक्क्लाउड या चित्रकथाकारानं ती काढली होती, क्रोमच्या अभियंत्यांच्याच तोंडून. टपालानं ती एका ब्लॉगरच्या हाती आधीच पडली, त्यानं १ सप्टेंबर २००८ ला स्कॅन करून सगळ्यांना दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी गूगलला क्रोम बाहेर काढावाच लागला. मी ती एका बैठकीत वाचली. एक टॅब कोसळला तरी बाकीचे का जिवंत राहतात, हे इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण वाचताना एक जाणवत राहिलं. फुग्यातली वाक्यं चित्रात काढलेली, त्यामुळे कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसतात, आणि शोधू गेलं तर सापडत नाहीत. आपली मराठी संकेतस्थळंही कित्येक वर्षं हेच करत होती. फॉन्टची कटकट नको म्हणून मथळेच्या मथळे चित्र करून लावायची.

हा प्रकार अँड्रॉइडच्या सुरुवातीला पुन्हा आला. २०१० च्या आसपासच्या बऱ्याच फोनवर मराठी म्हणजे नुसत्या चौकटी. त्यावर तोडगा होता ऑपेरा मिनीचा: एका लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन 'बिटमॅप फॉन्ट'ला हो म्हणायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी ओळींची चित्रं काढायचा आणि ती तुमच्या फोनवर पाठवायचा. कुठल्या तरी परमुलखातल्या यंत्रावर 'भंडाऱ्याची वांगी' रंगवली जाताहेत आणि मी सक्करदऱ्याला रिक्षात बसून ती वाचतोय! मजा वाटायची, आणि थोडं लाजिरवाणंही.

आज मराठी दाखवण्याचं हे काम फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड तिन्हीकडे 'हार्फबझ' नावाचा एकच खुला प्रोग्रॅम करतो. नाव फारसी: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. म्हणून आता मराठीपुरता क्रोम वाईट म्हणता येत नाही. तरी मी फायरफॉक्सवरच आहे. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमच्याच पायावर उभा आहे, आणि एक्स्प्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला. सगळं गाव एकाच विहिरीवर पाणी भरायला लागलं की काय होतं ते नेटस्केप मेल्यावर आपण पाहिलंय. उद्या विहीरवाल्यानं ठरवलं की अमुक गोष्ट लागत नाही, तर मराठीला विचारायला कोण येणार आहे? हे माझं मत. पटत नसेल तर आनंदानं क्रोम वापरा.

आणि सगळं सुटलंय असंही नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीचे लोक 'ऍ' वापरायचे, काही अजून वापरतात. 'चिखलदऱ्या'तला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो, 'दऱ्या' आणि 'दर्‍या', दिसायला हुबेहूब, आतून वेगळे, एक शोधला तर दुसरा बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. आजोबांच्या पुस्तकात मी आता सगळीकडे पहिली तऱ्हा केली आहे. एकशे बारा पानं, हातानं.

तेव्हा नातेवाईकहो, तुमच्या कपाटांत १९९५ ते २००५ मधल्या फ्लॉप्या, सीड्या असतील, कुणाच्या कविता, कुणाची कुळकथा, सोसायटीचा स्मरणिकेचा अंक, तर फेकू नका. फॉन्टचं नाव माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहून ठेवा, नसेल तर एखादं छापील पान सोबत द्या, त्यावरून ओळखता येतो. फ्लॉपी वाचणारा एक ड्राइव्ह माझ्याकडे अजून चालू आहे.