घरी येणाऱ्या नर्सवर लक्ष कोण ठेवणार?

"डॉक्टर, बाबांना उद्या डिस्चार्ज मिळतोय. घरी बघायला चांगली बाई मिळेल का?" पॅरालिसिसच्या किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरच्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. हॉस्पिटलमध्ये नर्सचं काही चुकलं तर बघायला वॉर्डची मुख्य सिस्टर असते, राउंडला डॉक्टर येतात, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही असतात. घरी दार लावलं की आत पेशंट आणि ती बाई, दोघंच. पेशंटला बोलता येत नसेल तर आत काय घडलं हे कळणार कसं?

इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी काही लोकांनी या प्रश्नाचा नीट विचार केला होता.

१८५९ साली लिव्हरपूलचे श्रीमंत व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचं आजारपणात निधन झालं. घरी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स त्यांची शुश्रूषा करत होती. रॅथबोन यांच्या मनात आलं, पैसेवाल्या घरात नर्सचा एवढा आधार वाटतो, तर गरिबाच्या घरात किती वाटेल! त्यांनी मेरीबाईंना तीन महिन्यांसाठी शहरातल्या गरीब वस्तीत पाठवलं. महिनाभरातच त्या रडत परत आल्या, तिथली दैना बघवत नाही म्हणाल्या. रॅथबोन यांनी समजूत घालून त्यांना पुन्हा पाठवलं. तीन महिने संपले तेव्हा मात्र त्यांना ते काम सोडवेना.

आता अशा आणखी नर्सेस हव्या होत्या, पण शिकलेल्या नर्सेस होत्या कुठे? रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहिलं. सल्ला मिळाला की तुमच्याच शहरात शिकवा. मग लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीत नर्सिंग स्कूल निघालं आणि काही वर्षांत शहराचे १८ भाग पाडून घरोघरी नर्सेस जाऊ लागल्या.

खरी मेख पुढे आहे. १८७४ साली लंडनमध्ये याच कामासाठी संस्था निघाली. तिच्या प्रमुख फ्लॉरेन्स लीस यांचं म्हणणं त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. लोकांना वाटे, घरी जाणाऱ्या नर्सला थोडंफार आलं तरी चालतं. लीसबाई म्हणाल्या, घरी जाणारी नर्स हॉस्पिटलच्या नर्सपेक्षा जास्त शिकलेली हवी. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतात, ताप वाढला किंवा जखम चिघळली तर आधी तिलाच ओळखावं लागतं. म्हणून हॉस्पिटलचं शिक्षण झाल्यावर वस्तीतलं वेगळं प्रशिक्षण, डॉक्टरांसाठी प्रत्येक पेशंटची लेखी नोंद आणि वरिष्ठ नर्सची देखरेख, अशी पद्धत त्यांनी बसवली. पेशंटला पैसे, कपडे वाटायचे नाहीत, असाही दंडक होता. वाचायला कठोर वाटतो, पण मला तो पटतो. मदत वाटणारी नर्स आली की घरचे आजार सांगायचं सोडून अडचणी सांगत बसतात. नाइटिंगेलबाईंनी आणखी एक भर घातली: पेशंटइतकीच त्याच्या खोलीचीही शुश्रूषा करा, हवा खेळती ठेवा, गटार तुंबलं असेल तर नगरपालिकेला कळवा.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला स्त्रियांनी वर्गणी जमवली. त्यातले ७०,००० पौंड राणीने या कामाला दिले आणि १८८९ साली देशभराची संस्था सनद घेऊन उभी राहिली. तिच्या निरीक्षक गावोगावी जाऊन नर्सेसचं काम तपासत.

पण खेड्यात एवढी शिकलेली नर्स परवडणार कोणाला? सरे परगण्यातल्या बर्था ब्रॉडवुड यांनी दुसरी वाट काढली. गावातल्याच बायकांना थोडंसं शिकवायचं आणि पेशंटच्या घरी राहायला पाठवायचं. त्या शुश्रूषा करत, स्वयंपाक करत, मुलांनाही सांभाळत. शिकलेल्या नर्सेसच्या गटाला हे धोक्याचं वाटे. ब्रॉडवुडबाईंचा सवाल असा की अर्ध्या तासासाठी येऊन जाणारी नर्स रात्रभर पेशंटजवळ बसणार आहे का? मला दोघींचंही बरोबर वाटतं. ड्रेसिंग करायला शिकलेला हात लागतो आणि दर दोन तासांनी कूस बदलायला घरात माणूस लागतं. घोटाळा होतो तो एकीचं काम दुसरीवर सोपवल्यावर.

शिकलेल्या नर्सेसची तपासणी १८८९ पासून होत होती. घरी मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सींना मात्र इंग्लंडमध्ये नोंदणी आणि तपासणी सक्तीची झाली ती २००० सालच्या कायद्यानंतर. शंभराहून अधिक वर्षं मध्ये गेली.

आपल्याकडे नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींचं नाव त्या यादीत नसतं. त्यामुळे बाई ठेवताना आधी विचारा, तुम्ही नोंदणी झालेल्या नर्स आहात की मदतनीस? मदतनीस असतील तर इंजेक्शन, इन्सुलिन, नाकातली नळी बदलणं, यूरिन कॅथेटर घालणं ही कामं त्यांना सांगू नका. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं त्या छान करतील. उशाशी एक वही ठेवा: कूस किती वाजता बदलली, लघवी किती झाली, पाठीला कुठे लाली दिसते का. आणि आठवड्यातून एकदा, न सांगता, अंघोळीच्या वेळी घरातल्या कोणीतरी पेशंटची पाठ स्वतः बघा.