शिकाऊ उमेदवारी, सातासमुद्रापार

संमेलनाच्या निमित्ताने आपल्या १९९६ च्या तुकडीचा ग्रुप पुन्हा जागा झाला. तेव्हा लक्षात आलं, की आपली बरीच मुलं आता परदेशात शिकताहेत आणि उन्हाळा जवळ आला की ग्रुपवर 'इंटर्नशिप' हा एकच विषय असतो. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका मैत्रिणीच्या मुलीचा मला रात्री उशिरा मेसेज आला, "मावशी, या ऑफिसात सगळ्यांना सगळं येतं. मलाच काही येत नाही. मला परत यायचंय." तिला दिलेलं उत्तर जरा लांबलं. तेच इथे नीट मांडते आहे. शाळेच्या गमतीजमती बाकीचे लिहितीलच.

इंटर्नशिप हा शब्द नवा, गोष्ट जुनी. आपल्या आजोबांच्या पिढीत मुलगा छापखान्यात किंवा कचेरीत 'उमेदवारी' करायचा. पगार नसे किंवा नावापुरता असे, पण काम हाताखालून जाई. महाविद्यालयांनी ही पद्धत उशिरा उचलली. अमेरिकेत १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातले प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आलटून पालटून वर्ग आणि कारखाना असा अभ्यासक्रम सुरू केला. काही गोष्टी वर्गात शिकवताच येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता.

परदेशी विद्यार्थ्यांना मात्र नुसती कारखान्याची तयारी पुरत नाही, सरकारी परवानगीही लागते. अमेरिकेच्या १९४७ च्या नियमांनुसार, शिक्षणसंस्थेने शिफारस केली तर परदेशी विद्यार्थ्याला सहा महिने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेता येई आणि ही मुदत सहा-सहा महिन्यांनी दोनदा वाढवता येई. आज आपली मुलं ज्याला 'ओपीटी' म्हणतात, ती सोय १९९२ मध्ये आली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यात आणखी दोन वर्षांची वाढ मिळू लागली ती २०१६ पासून.

त्याच १९४७ साली बंगळुरूची एक पंचविशीतली मुलगी जहाजाने अमेरिकेला निघाली. राजेश्वरी हे तिचं नाव, लग्नानंतर राजेश्वरी चटर्जी. जन्म १९२२ चा. गणितात एम. एस्सी. झालेली, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करत असलेली. भारत सरकारने हुशार तरुणांना परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, त्यातली एक तिला मिळाली. मिशिगन विद्यापीठात तिने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतली.

पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन पदव्युत्तर पदव्या आणि संशोधनाचा अनुभव गाठीशी असलेली ही बाई त्यानंतर वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, रेडिओ लहरींच्या मापनाच्या विभागात, आठ महिने प्रशिक्षणार्थी म्हणून राहिली. म्हणजे पुन्हा शिकाऊ! लांबी, वजन, विद्युतप्रवाह, रेडिओ लहरी यांची मापं अचूक कशी घ्यायची आणि प्रमाण कशाला मानायचं, हे ठरवणारी ही अमेरिकेची सरकारी संस्था. गणितात लहर कागदावर सरळ सुटते. प्रयोगशाळेत आधी उपकरण किती चुकतंय ते मोजावं लागतं, मग लहर. आपणही प्रॅक्टिकलला व्हर्निअरची चूक आधी वजा करायचो, आठवतं?

१९४९ मध्ये हे प्रशिक्षण संपवून राजेश्वरीबाई पुन्हा मिशिगनला गेल्या. आशियातल्या स्त्रियांसाठी असलेल्या बार्बर शिष्यवृत्तीवर त्यांनी तिथेच पीएच. डी. केली आणि १९५३ मध्ये मायदेशी परतून विज्ञान संस्थेत अध्यापन सुरू केलं. तिथे त्यांनी मायक्रोवेव्ह आणि अँटेना हे विषय रुजवले, विद्यार्थी घडवले, पुस्तकं लिहिली. कर्नाटकातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

मला हे सगळं २००३ मध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी ओहायोत एम. एस. करत होते आणि उन्हाळ्यात एका कंपनीत इंटर्न होते. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणायचं काम होतं. काही नोंदींच्या तारखा माझा प्रोग्रॅम स्वीकारेना. महिना तेरावा, महिना सव्विसावा! मी त्या सदोष समजून बाजूला काढल्या. मॅनेजर रोज विचारायचे, "काही अडचण?" मी म्हणायचे, "नाही." तीन आठवड्यांनी उलगडा झाला. त्या नोंदी लंडनच्या शाखेतल्या होत्या. आधी दिवस, मग महिना, म्हणजे अगदी आपल्या शाळेच्या फळ्यावर लिहायचो तशाच! अमेरिकन पद्धत अंगवळणी पडल्याच्या तोऱ्यात मी घरचीच तारीख ओळखली नव्हती. शिवाय ज्यांत दिवस बाराच्या आतला होता, त्या नोंदी निमूटपणे चुकीच्या महिन्यात जाऊन बसल्या होत्या. सगळं काम पुन्हा करावं लागलं.

मॅनेजर रागावले नाहीत. "बाजूला काढताना कुणाला विचारलं का नाहीस?" एवढंच म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर येत असेल तरच हात वर करायचा, ही माझी दहा वर्षांची सवय. त्यात दोष एकट्या शाळेचा नाही. घरीही तेच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी अडलेलं वहीत टिपू लागले आणि रोज सकाळी दहा वाजता त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारू लागले. पहिल्या दिवशी आवाज कापत होता. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "आज वही कुठे?"

मैत्रिणीच्या मुलीला मी हेच लिहिलं. ऑफिसात 'मला हे येत नाही' असं बिनधास्त म्हणण्याची मुभा सगळ्यात जास्त कुणाला असेल, तर ती शिकाऊ माणसाला. ती मुदतीची असते, सहा महिन्यांची किंवा वर्षाची. नंतर ती मिळत नाही, हे मी वीस वर्षं नोकरी करून सांगते. दोन पदव्यांनंतरही राजेश्वरीबाईंनी शिकाऊपण पत्करलं. मग विशीतल्या मुलीने त्याचं ओझं का घ्यावं?

ती परत आली नाही. मुदत पूर्ण केली.

या स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांचे फोन नंबर आहेत, त्यात माझाही आहे. आपल्यापैकी कुणाचंही मूल परदेशातल्या ऑफिसात बावरलं असेल, तर खुशाल फोन करायला सांगा. तिकडची वेळ बघू नका, मी उचलेन.