करंडकावर नाव चिटणिसाचं

  समोर कॉलेजची मुलं बरीच दिसतायत, म्हणून सुरुवात एका प्रश्नानं करतो. पुरुषोत्तम करंडकातला 'पुरुषोत्तम' कोण?

आम्ही हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारलाय. बहुतेकांना वाटतं, कुणीतरी जुने मोठे नट असतील. कुणी म्हणतं नाटककार, कुणाला थेट पु. ल. आठवतात. खरं उत्तर असं, की पुरुषोत्तम रामचंद्र वझे, म्हणजे आप्पासाहेब वझे, हे महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेचे चिटणीस होते. त्यांच्या स्मरणार्थ १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू झाली. पुण्यात ज्या करंडकासाठी मुलं पावसाळाभर रात्री जागवतात, घसा बसेपर्यंत घोषणा देतात, तो एका चिटणिसाच्या नावाचा आहे. सभेची टिपणं लिहिणारा, पत्रव्यवहार सांभाळणारा, हिशेबाला बसणारा माणूस, त्याच्या नावाचा.

आजचं व्याख्यान अशाच माणसांबद्दल आहे. नाट्यसंस्थांच्या कार्यकारिणीवर बिनपगारी काम करणाऱ्यांबद्दल. नाटकाच्या इतिहासात नट येतात, नाटककार येतात, दिग्दर्शक येतात. खजिनदार येत नाही. का येत नाही, आणि आला तर काय दिसतं, एवढंच आपण पाहू.

आधी थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातली आपली नाटकं 'मंडळी' करत असत. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० ची, गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. मंडळी म्हणजे धंदा. तिला मालक असत, भागीदार असत, पगारी नट असत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं असे. फायदा झाला तर मालकाचा, कर्ज झालं तर तेही मालकाच्या डोक्यावर. बालगंधर्वांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. लोक त्यांच्यावर जीव टाकत होते, आणि कर्ज मात्र फिटता फिटत नव्हतं.

'संस्था' हा प्रकार वेगळा. संस्थेला मालकच नसतो. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा सांगतो, की किमान ७ माणसांनी एकत्र यायचं, उद्देश लिहून काढायचा, नियम करायचे आणि कारभार पाहणारं मंडळ नेमायचं. पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला आणि आपल्याकडच्या अशा संस्था धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आल्या. शिल्लक उरली तर ती वाटून घेता येत नाही, संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावी लागते. म्हणजे बघा, मंडळावर बसणाऱ्याला सही करायचा अधिकार आहे, जबाबदारी आहे, पण मालकी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा माणसांतलं एक मोठं नाव म्हणजे डॉ. अमृत नारायण भालेराव. व्यवसायानं डॉक्टर. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, आणि भालेराव म्हणजे त्या संघाचा कणाच. बोलपटांनी नाटकाची थिएटरं गिळली होती, जुन्या मंडळ्या मोडत होत्या. अशा वेळी मराठी रंगभूमीची शताब्दी आली. विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' १८४३ चं, त्यामुळे १९४३ मध्ये सांगलीला उत्सव झाला आणि त्यापाठोपाठ मुंबईतही साहित्य संघानं मोठा नाट्यमहोत्सव केला. नाटक संपलं असं लोक म्हणत असताना प्रेक्षक पुन्हा गोळा करण्याचं हे काम होतं. परवानग्या, वर्गणी, तिकिटं, नटांच्या तारखा, रुसवेफुगवे, सगळं त्यात आलं. गिरगावात केळेवाडीत संघाचं स्वतःचं नाट्यगृह उभं राहिलं ते १९६४ मध्ये. ते बघायला डॉक्टर हयात नव्हते. आज त्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे.

दुसरं उदाहरण गोव्याच्या माणसांचं, पण घडलं मुंबईत. दि गोवा हिंदू असोसिएशन ही १९१९ ची संस्था मुळात समाजकार्यासाठी निघालेली. तिचा कला विभाग असा काही बहरला, की 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये, 'मत्स्यगंधा' १९६४ मध्ये आणि 'नटसम्राट' १९७० मध्ये याच संस्थेनं रंगमंचावर आणलं. 'नटसम्राट' म्हटलं की आपल्याला कुसुमाग्रज आठवतात, डॉ. लागू आठवतात. रामकृष्ण नायक किती जणांना आठवतात? कला विभागाचा मोठा भार त्यांनी वाहिला. आणि पुढे त्यांनी काय केलं, तर गोव्यात बांदिवड्याला वृद्धांसाठी 'स्नेहमंदिर' उभं केलं. मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्याचं नाटक ज्या संस्थेनं केलं, तिच्याच माणसानं म्हाताऱ्यांसाठी घर बांधलं. यावर आम्ही वेगळं काही बोलायची गरज नाही.

आता पुण्यात येऊ. इथं गोष्ट जरा अवघड होते, आणि आम्हाला तीच मुख्यतः सांगायची आहे.

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली पीडीए. भालबा केळकरांनी १९५१ च्या सुमारास उभी केलेली हौशी संस्था. डॉ. श्रीराम लागू इथलेच. दोन दशकं या संस्थेनं पुण्याला चांगलं नाटक करायला आणि बघायला शिकवलं. १६ डिसेंबर १९७२ ला याच संस्थेनं सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरात, विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे. यातले पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलच्या प्रयोगशाळेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. पैसा कुणालाच नाही.

नाटकावरून वादळ उठलं. नाना फडणविसांची बदनामी आहे, ब्राह्मणांची निंदा आहे, असा आरोप झाला. आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक थांबवलं. सरकारनं नव्हे, कोर्टानं नव्हे. ज्या संस्थेनं नाटक जन्माला घातलं, तिनंच.

इथं घाई करून कुणाला खलनायक ठरवू नका, एवढी आमची विनंती आहे. ज्यांनी वीस-वीस वर्षं घरचं खाऊन संस्था चालवली, त्यांना ती मोडेल अशी भीती वाटली असेल तर ती भीती खोटी म्हणता येत नाही. उद्या नाट्यगृह मिळालं नाही, देणगीदार तुटले, सभासद फुटले, तर निस्तरणार कोण? ते काम मंडळावरच पडतं. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. संस्था नाटकासाठी असते. तिच्या सुरक्षिततेसाठी नाटकच बंद केलं, तर राहिलेलं लेटरहेड आणि बँकेतलं खातं, त्याचं करायचं काय?

कलावंत बाहेर पडले. २७ मार्च १९७३ ला, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनाला, थिएटर अकॅडमी स्थापन झाली. १९७४ च्या जानेवारीत 'घाशीराम' पुन्हा उभं राहिलं. त्याच वर्षी आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, पुढे १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा'.

आता गंमत बघा. काल जे मंडळाच्या निर्णयावर चिडून बाहेर पडले होते, त्यांनाच आता मंडळ चालवायचं होतं. नियमावली, सभासद, लेखापरीक्षण, सगळं आलं. आणि परीक्षा लगेचच आली. १९८० मध्ये 'घाशीराम' युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा पुन्हा जोरदार विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असं निवेदन प्रयोगाआधी वाचण्याची तडजोड झाली आणि दौरा पार पडला. तडजोड त्यांनीही केली, हे विसरू नका. पण प्रयोग थांबवला नाही. पुढे १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं याच संस्थेनं नव्या नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंघांसाठी योजना राबवल्या. असलं अनुदान टाळ्यांवर मिळत नाही, त्याला चोख हिशेब लागतात.

अलीकडची एक गोष्ट. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. एकही एकांकिका त्या पात्रतेची नाही, असं परीक्षकांनी ठरवलं. मुलं नाराज झाली, पुण्यात महिनाभर वाद रंगला. निर्णय बरोबर की चूक, यावर तुमचं मत वेगळं असू शकतं. पण परीक्षकांचा कौल आपल्याला अडचणीचा आहे म्हणून आयोजकांनी तो फिरवला नाही. नकोसा निर्णय जाहीर करून शिव्या खाणं, हेही मंडळाचंच काम.

आता थोडं आमच्याबद्दल. आम्ही एका छोट्या हौशी संस्थेच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं होतो. नाटकं झाली, बक्षिसंही आली. पण कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो आम्ही सलग दोन वेळा दिलाच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं दिला असेल. नोंदीवर जुनीच नावं. त्यातले एक वारले, एक परगावी गेले. अनुदानाचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा सही कुणाची चालणार, हेच ठरेना. अर्जाची मुदत गेली. त्या वर्षीच्या मुलांचं नाटक तालमीतच राहिलं. त्यातला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, आम्ही संवाद विसरलो नाही, तुम्ही अर्ज विसरलात." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

हे कात्रजला सांगण्याचं कारण आहे. तुमच्या या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी नेलं गेलं. जमिनीखालून दगडी नळ, आणि मध्ये मध्ये हवेसाठी, गाळ काढण्यासाठी उच्छ्वास. हौद सगळ्यांना दिसायचा. नळात गाळ साचला तरच नळाची आठवण. तेव्हा पाणी कात्रजहून शहरात जायचं, आज इथली पोरं पाठीवर सॅक टाकून तालमीसाठी शहरात जातात आणि शेवटच्या बसकडे डोळे लावून बसतात. इथल्या सोसायट्यांमध्ये निवृत्त बँकवाले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. ज्यांना अभिनय येत नाही पण ताळेबंद वाचता येतो, अशी माणसं आहेत. इथं एखादी नाट्यसंस्था उभी राहायची असेल तर पहिली गरज त्यांची आहे.

त्यांना दोनच गोष्टी सांगू. हिशेब आणि कागद यांत ढिलाई नको, तिथं मुलांवर सोडून देऊ नका. आणि नाटक कोणतं करायचं, त्यात काय म्हणायचं, तिथं मात्र हात आखडता घ्या. पटलं नाही तर बैठकीत कडकडून भांडा, टिपणात तुमचा विरोध नोंदवा, आणि प्रयोगाच्या दिवशी तिकीट खिडकीवर वेळेवर येऊन बसा. आपण विश्वस्त आहोत, मालक नाही. १९७३ मध्ये पुण्यानं हा धडा फार महागात घेतला, पुन्हा घ्यायला नको.

 आता प्रश्न असतील तर विचारा.