‘राइट ऑफ’ म्हणजे माफ नव्हे. ही चूक मीच केली होती



काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ठराव झाला : जुनी थकीत कर्जं ‘राइट ऑफ’ करायची. मी बातमी दिली. मथळा मीच काढला : ‘थकबाकीदारांची कर्जे माफ’. दोन वर्षांनी एक गृहस्थ तेच कात्रण घेऊन ऑफिसात आले. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि आता कलम १०१ चा वसुली दाखला त्यांच्याच नावावर निघाला होता. म्हणाले, “भाऊ, तुम्हीच छापलं होतं ना माफ झालं म्हणून? मी एकरकमी परतफेडीचा अर्जच केला नाही.” मुदत टळून गेली होती. व्याज चालूच होतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात मथळा किती शब्दांत बसवायचा ते शिकवलं. या दोन शब्दांचा अर्थ कुणी शिकवला नाही. म्हणून मग त्यांच्या मागे लागलो.

इंग्रजीतल्या ‘राइट’चा मूळ अर्थ लिहिणं नव्हेच, ओरखडणं. लाकडावर, दगडावर कोरायचं. गंमत म्हणजे आपल्या संस्कृत ‘लिख्’चाही जुना अर्थ तोच, ओरखडा काढणं. आणि ‘ऑफ’? तो तर आपल्या ‘अप’चा सख्खा भाऊबंद. अपहरण, अपसरण यातला ‘अप’, म्हणजे दूर, बाजूला. हिंदी सरकारी भाषेत राइट ऑफला ‘अपलेखन’ म्हणतात, तेव्हा नकळत मुळालाच हात घातलेला असतो. आपल्याकडच्या जीआरमध्ये ‘निर्लेखन’ असतं. वाचून कुणाला काय कळतं देव जाणे.

हिशेबाच्या अर्थाने हा शब्दप्रयोग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६८० च्या दशकापासून सापडतो. लंडनमध्ये व्यापार वाढत होता, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. तिच्या सुरुवातीच्या नोटा हाताने लिहिलेल्या असत. तुम्ही त्यातली थोडी रक्कम काढली, तर तेवढी नोटेवरच लिहून वजा करत. म्हणजे लिहून बाजूला काढणं, इतकाच साधा अर्थ. येणं असेल आणि ते येणार नाही अशी खात्री पटली, तर व्यापारी तेही असंच लिहून वजा करी. वही खरं बोलली पाहिजे, एवढाच हेतू. देणेकऱ्याला ‘जा, सोडलं तुला’ असं त्यात कुठेच नव्हतं.

पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनी हा शब्द उचलला. विमान कोसळलं, दुरुस्त होण्यापलीकडे गेलं, की ते दप्तरातून काढायचं. असं विमान म्हणजे ‘राइट ऑफ’. तिथून तो मोटारविम्यात आला. आपल्या गॅरेजवाल्याच्या भाषेत ‘टोटल लॉस’. आणि मग माणसांनाही लागला : संपला, याच्याकडून आता काही होणार नाही. आपण अशा माणसाला मोडीत काढतो. मराठीत हिशेबातून आलेला याहून झकास शब्द आहे, ‘अक्कलखाती’. गेलेला पैसा अक्कलखाती जमा! इंग्रजांना हे सुचलं नाही बहुतेक.

आता मुद्द्यावर येतो. बँकेत कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. बँक त्यासाठी नफ्यातून तरतूद बाजूला ठेवत जाते. पूर्ण तरतूद होऊन चार वर्षं उलटली की ते कर्ज ताळेबंदातून काढतात. ताळेबंद स्वच्छ दिसतो, करातही फायदा होतो. पण कर्जदाराचं देणं जागच्या जागी. वसुली, दावे, जप्ती सगळं चालू राहू शकतं. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपये असे निर्लेखित केले, हे सरकारने संसदेत सांगितलंय. आणि त्यामुळे कर्जदाराची जबाबदारी संपत नाही, हेही दरवेळी सांगितलं जातं.

कर्जमाफी वेगळी. २०१७ मध्ये राज्याने दीड लाखापर्यंत आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची पीककर्जं माफ केली, तेव्हा बँकेचे पैसे सरकारने भरायचे ठरलं आणि पात्र शेतकरी तेवढ्यापुरता मोकळा झाला. तिथे पैसे तिसऱ्याने दिले. राइट ऑफमध्ये कुणीच दिलेले नसतात.

म्हणून ‘उद्योगपतींचं माफ केलं, शेतकऱ्याचं का नाही’ ही घोषणा शब्दशः चूक आहे. पण ‘फक्त तांत्रिक नोंद आहे हो’ म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. वहीतून बाहेर गेलेल्या कर्जाकडे लक्ष कोण देतं? त्यातलं परत किती आलं, हा प्रश्न विचारायला हवा. मोठ्या कर्जदाराकडे वकिलांची फौज असते. आमच्या त्या जामीनदाराकडे माझं कात्रण होतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चूकभूल छापली, आतल्या पानावर, चार ओळी. ते गृहस्थ पतसंस्थेत चकरा मारून शेवटी हप्ते बांधून घेऊन आले. आजही बाजारात भेटले की नमस्कार करतात, पण पेपर घेत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी कुठे जामीन राहिलं असेल आणि कर्ज ‘राइट ऑफ झालंय’ असं कानावर आलं असेल, तर आधी संस्थेत जाऊन खातेउतारा लेखी मागा. बेबाकी दाखला हातात येईपर्यंत ते कर्ज जिवंत आहे.